चिलिकाचे मुख आणि नाथसागराची कड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जायकवाडीच्या साठ्याची टक्केवारी आपण नेमाने छापता आणि आम्ही पैठणकर चहाच्याही आधी ती वाचतो. परंतु त्या आकड्यावरून पाणथळीची प्रकृती कळत नाही, हे गेल्या जानेवारीत ओडिशातील चिलिका सरोवर पाहून आल्यावर प्रकर्षाने जाणवले, म्हणून हा पत्रप्रपंच.

चिलिका हे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून तुटलेले मचूळ पाण्याचे सरोवर. महानदीच्या दया, भार्गवी या फाट्यांचे गोडे पाणी आणि समुद्राला जोडणाऱ्या मुखातून शिरणारी भरती यांच्या मिसळीवर तेथील मासळी, कोळंबी, खेकडे आणि इरावती डॉल्फिन जगतात. १९८१ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले खरे. पण नद्यांचा गाळ साचत गेला, किनाऱ्यालगत सरकणाऱ्या वाळूने मुख बुजत चालले, खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या आणि मासेमारी बसली. १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या माँत्रो नोंदवहीत चिलिकाचे नाव चढले. अखेर चिलिका विकास प्राधिकरणाने २३ सप्टेंबर २००० रोजी दांडा कापून नवे मुख उघडले, समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरने जवळ आली, मासळी परतली आणि २००२ मध्ये ते नाव नोंदवहीतून उतरले.

सरोवरकाठच्या सातपाड्याहून मुखाकडे जाताना नावाड्याने आम्हाला दोनदा पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायला सांगितले. पहिल्यांदा चव मीठ कमी पडलेल्या वरणासारखी होती. तासाभराने चक्क खारट लागली. सरोवराची तब्येत तो अशी जिभेवर तपासतो.

तेथील नलबण बेट पावसाळ्यात बुडते आणि हिवाळ्यात पाणी ओसरले की त्याच्या उघड्या चिखलावर पक्षी चरतात. नाथसागर हा जायकवाडी धरणाचा जलाशय असल्याने मुख उघडण्याचा उपाय येथे गैरलागू आहे, पण ओसरत्या पाण्याची उथळ कड मात्र येथेही तितकीच मोलाची आहे. चिलिकावर दिसणारे पट्टकादंब हे स्थलांतरित हंस आपल्याकडेही येतात, ते त्या कडेसाठीच. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालेल्या या जलाशयाच्या कडेवर नेमक्या त्याच महिन्यांत गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळावर पेरणी, होते. पाणी उपसणाऱ्या मोटारी धडधडतात, हरभऱ्यावर फवारणी होते आणि ते औषध पुढच्या पाण्यात उतरते. गाळपेर करणाऱ्यांत धरणात जमिनी गेलेली कुटुंबेही आहेत, त्यामुळे सरसकट बंदीची भाषा मला अन्यायाची वाटते. मात्र थव्यांच्या ठरलेल्या उतरण्याच्या जागी थोडी कड हिवाळाभर मोकळी ठेवून तेथील कुटुंबांना पिकाचा मोबदला देता येईल, आणि उरलेल्या गाळपेरीला फवारणीविना पिकांची अट घालता येईल.

आपणही हिवाळ्यात टक्केवारीच्या शेजारी दोन ओळी या कडेसाठी राखून ठेवाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पैठण