दालेत आणि रेश

आदरणीय बाई,

आपल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांसमोर उभं राहून आभार मानायचं ठरवलं होतं. पण बोलायला उठलो की माझा घसा दाटतो, हे तुम्ही पाहिलंयच. म्हणून हे पत्र, तेही उघड. प्रार्थनेत पान कधी उलटायचं ते शेजाऱ्याकडे चोरून बघणारा मी एकटा नाही.

लेकीच्या बात मित्झ्वाची (मुलगी धर्मानं सज्ञान होते तो सोहळा) तयारी सुरू झाली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, ही ओळ बरोबर वाचतेय ना मी?" मी मान डोलावली. साफ खोटं. मला हिब्रू अक्षरंच येत नव्हती. वडील गेले तेव्हा कद्दिशसुद्धा (जवळचं माणूस गेल्यावर म्हणायची प्रार्थना) मी आपल्या लिपीत उतरवून घेतलेल्या कागदावरून म्हटला होता.

तुम्ही मोठ्यांसाठी वर्ग काढलात. पहिल्याच संध्याकाळी रब्बी अकिवा या प्राचीन ज्यू धर्मपंडितांची गोष्ट सांगितलीत: चाळिशीत ते मुलाला घेऊन गुरूपुढे बसले, पाटीचं एक टोक बापाच्या हातात, दुसरं लेकाच्या. मग माझ्या लेकीला माझ्या शेजारी बसवून आम्हा दोघांत एकच पुस्तक दिलंत. (कपाटात पुस्तकं भरपूर होती, बाई. मी पाहिली होती.) धाकट्यांना सांभाळायची सोय शेजारच्या खोलीत केलीत, त्यामुळे न येण्याचं माझं शेवटचं कारणही गेलं.

अक्षरं अवघी 22. पण दालेत आणि रेशनं माझा छळ मांडला. दालेतला मागे बारीकसा कोपरा, रेशची पाठ गोल, बस्स एवढाच फरक. महिनाभर मी एकाला दुसरं म्हणत राहिलो आणि लेक खिदळत राहिली. तुम्ही चिडला नाहीत, शेमा या प्रार्थनेची पहिली ओळ उघडलीत. तिच्यातला शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. त्यातला दालेत तोराच्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत मुद्दाम मोठा काढतात. कारण असं सांगतात, की तिथे चुकून रेश वाचला तर 'एक'चा 'दुसरा' होतो आणि एकाच देवाची ग्वाही देणारं वाक्य भलतंच बोलू लागतं. म्हणजे माझ्यासारख्यांची धास्ती फार जुनी आहे! त्या दिवसापासून चुकायची लाज गेली.

नंतर हव्रुता, जोडीनं वाचायचं आणि मोठ्यानं वाद घालायचा. माझ्या वाट्याला आलेल्या आजी एकेका ओळीवर अर्धा तास भांडायच्या. त्यांच्यामुळेच कळलं, की कद्दिश बहुतेक अरामी भाषेत आहे आणि त्यात मृत्यूचा शब्दही नाही, आहे ती मुख्यतः देवाची स्तुती. इतकी वर्षं मी ते रडगाणं समजून म्हणत होतो.

'लाजणारा शिकत नाही' हे हिलेल या प्राचीन धर्मगुरूंचं वाक्य तुम्ही फळ्यावर लिहायचात. पुढचा भाग मी नंतर पिर्के अवोत या धर्मगुरूंच्या वचनसंग्रहात वाचला: तापट माणूस शिकवू शकत नाही. तो तुम्ही कधी लिहिला नाहीत. म्हणून मीच इथे लिहितोय.

परवा वडिलांचा स्मृतिदिन होता. कागद घरीच ठेवला. मिन्यान (प्रार्थनेला लागणारे दहा जण) जमला, लेकीनं सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उघडून धरला. कद्दिशच्या पहिल्या चार शब्दांतच दोन दालेत आणि एक रेश आहे, बाई. तिन्ही बरोबर वाचले.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी