पेटीची गोष्ट बाबांच्याच तोंडून

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

यंदा सुट्टीत आम्ही कुठे फिरायला जात नाही. चौघंही थेट तुमच्याकडे येतोय, महिनाभर. तिकिटं काढून झाली आहेत, तेव्हा "कशाला एवढा खर्च" हे आता म्हणू नका. सोबत छोटा रेकॉर्डर आणतेय. बाबांनी गोष्टी सांगायच्या, आईने आजीच्या ओव्या म्हणायच्या, एवढंच.

घाई अशी काही नाही. पण मुलांना मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. परवा धाकटीला पेटीची गोष्ट सांगत होते. तिने विचारलं, पेटी शेवटी उघडली कोणी? ते बाबांनाच माहीत.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी 20 प्रश्न काढले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबांची भेट कशी झाली, असे. ज्यांना घरचं जास्त ठाऊक होतं, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. आणि नुसत्या यशाच्या गोष्टींपेक्षा पडलो, सावरलो अशा गोष्टी मुलांना जास्त बळ देतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बाबा, दुकान गेलं त्या वर्षाचंही सांगा. थोरल्या आत्याचं नको वाटलं तर राहू दे. मी मशीन बंद करेन, पुन्हा विषय काढणार नाही.

तुमचा दिवस अजिबात मोडणार नाही. बाबांची दुपारची झोप, आईची संध्याकाळची फेरी, गोळ्यांच्या वेळा, सगळं तसंच. रोज सकाळी अर्धा तास, आवाज मोकळा असतो तेव्हा, तुमच्याच खुर्चीत बसून. फक्त तेवढा वेळ पंखा बंद ठेवू, घरघर येते.

बाबा, गोष्ट रंगली की तुम्ही माझ्या पाठीवर बोटाने रस्ता काढायचात, इथे वळलो, इथे थांबलो. मुलांच्या पाठीवरही काढाल ना?

तोवर आई, जुन्या कॅसेटी टाकायच्या नाहीत, आणि त्या टेपवर लावूनही बघायच्या नाहीत, फीत अडकून तुटते. ओल नसलेल्या कपाटात ठेव. फोटोंमागे नावं मऊ पेन्सिलने लिही, बॉलपेनचं पुढे उमटतं.

आणि बाबांचा खोकला अजून आहे हे मला दादाकडून का कळावं? याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. रेकॉर्डिंगसाठी नाही हो, माझ्यासाठी. जाऊन आलात की लगेच फोन करा.

तुमची,
चिऊ