बेस गिटार बदलताना बिघडणारा आवाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदांत मी बरीच वर्षे बेस गिटार, म्हणजे खर्जाचे स्वर देणारी गिटार, वाजवतो आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील कार्यक्रमांत वारंवार दिसणारा एक दोष आयोजकांच्या आणि ध्वनिसंयोजकांच्या नजरेस आणावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या दिवाळीत ठाण्यातील एका पहाट-कार्यक्रमात मी तिसऱ्या गाण्यानंतर जुनी चार तारांची गिटार ठेवून पाच तारांची नवी गिटार घेतली. पहिलाच स्वर असा आदळला, की पुढच्या रांगेतील एका आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवून दोन्ही कानांवर हात ठेवले. मिक्सरवर बसलेल्या मुलाने घाबरून फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला, आणि पुढे मी पुन्हा जुनी गिटार घेतली तेव्हा दोन गाणी बेस ऐकूच आला नाही. चूक त्या मुलाची नव्हती. निम्मी तरी माझीच होती.

फेंडर कंपनीने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बेससारख्या पॅसिव्ह गिटारीत पिकअपमधून (तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागातून) निघणारा क्षीण संकेत बॅटरीच्या मदतीशिवाय केबलमध्ये जातो. म्युझिक मॅनच्या १९७६ च्या स्टिंगरेसारख्या अ‍ॅक्टिव्ह गिटारीत मात्र बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे संकेत वाढवणारा छोटा परिपथ, आतच बसवलेला असतो, त्यामुळे तिचा संकेत सहसा अधिक जोरकस असतो. माझी जुनी गिटार पॅसिव्ह, नवी अ‍ॅक्टिव्ह. दोघींत सहा डेसिबलचा फरक असला, तरी त्याचा अर्थ विद्युतदाब दुप्पट असा होतो. शिवाय आपल्या कानाची घडण अशी आहे, की खर्जाच्या स्वरांत थोडी वाढ झाली तरी ती मधल्या पट्टीतील तेवढ्याच वाढीपेक्षा जास्त जाणवते. गायकाच्या माइकवर खपून गेली असती ती उडी बेसवर खपत नाही.

यावर उपाय महागडा नाही. आवाज कमी करायचा तो अ‍ॅक्टिव्ह गिटारीचा, कारण पॅसिव्ह गिटारीचा नॉब उतरवला की बहुधा स्वराची धारही बोथट होते. माझ्या अ‍ॅक्टिव्ह गिटारीच्या नॉबवर आता मुलीच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे आणि स्टेजवर मी त्या खुणेपुढे जात नाही. फरक थोडाच असेल तर पिकअपचे स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवूनही काम भागते. पण पिकअप तारेच्या फार जवळ नेला तर चुंबकाच्या ओढीने तारेचे कंपन बिघडते आणि सूर डळमळतो. काही वादक सगळा भार कॉम्प्रेसरवर (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्रावर) टाकतात, ते मला पटत नाही. तो जोरकस गिटारीला जास्त दाबतो, त्यामुळे पातळी जुळली तरी त्या गिटारीच्या आघातातला जीव जातो. घरी हळू आवाजात केलेली जुळणीही मोठ्या स्पीकरवर टिकेलच असे नाही. ती पूर्ण वाद्यवृंद वाजत असताना, एकच ओळ दोन्ही गिटारींवर वाजवून, मीटरपेक्षा कानाने करावी लागते.

सर्वांत चांगली सोय म्हणजे दोन गिटारींना मिक्सरवर दोन स्वतंत्र चॅनेल. प्रत्येकीचा गेन (संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) एकदाच ठरतो, वाजत नसलेली गिटार म्यूट राहते आणि जॅक काढताना होणारा ‘फट्’ आवाजही प्रेक्षकांपर्यंत जात नाही. पण जादा चॅनेल मागितला की “बेसला दोन कशाला?” असा प्रश्न येतो. साउंड चेकची, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाज-चाचणीची, तर गोष्टच वेगळी! सत्काराच्या शाली आणि श्रीफळे तासभर आधी मोजून ठेवलेली असतात. आमची दहा मिनिटे मात्र पडदा उघडायच्या घाईत हमखास जातात.

वादकाने गिटारींची संख्या आणि प्रकार आधी कळवावा, ही जबाबदारी आमची. ती मी यापुढे पाळणार आहे. आयोजकांनी ध्वनिव्यवस्थेची मागणी नोंदवतानाच बेससाठी दोन चॅनेल लिहून द्यावेत आणि गिटार बदलून पाहण्यासाठी साउंड चेकमधील दहा मिनिटे राखून ठेवावीत, एवढी विनंती आहे.

आपला,
एक बेसवादक, ठाणे (पश्चिम)