मेळ्यातल्या टेबलावर बसण्याआधी

चि. सोनू हिस,
पप्पांचे आशीर्वाद आणि प्रभूत सलाम.

तुमच्या लंडनच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, माइंड-बॉडी-स्पिरिटच्या (मन-शरीर-आत्म्याच्या) मेळ्यात टेबल घेतलंय आणि शनिवारी तिथे बसायची पाळी तुझी आहे, एवढं सांगून तू फोन ठेवलास. एका बाजूला स्फटिकवाले, दुसऱ्या बाजूला पत्त्यांवरून भविष्य सांगणारी टॅरोवाली, आणि मधे आपली पोरगी! "मी त्यांच्याशी बोलू तरी काय?" हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसलो.

तुझा चेहरा बघून लोक कुंडलिनी आणि चक्रांबद्दल तुलाच विचारणार, हे धरूनच चाल. हातावर ॐ गोंदलेली एखादी गोरी बाई मोठ्या आशेने येईल, आणि तू निघशील नगरची, चार पिढ्यांची ख्रिस्ती! तिचा हिरमोड होईल, होऊ दे. तू हसू नकोस. हे गोंदवून घ्यावंसं का वाटलं, एवढं तिला विचार आणि ऐकत बस. आपल्या लोकांना हेच जमत नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपल्या विश्वासाची साक्ष निम्मी सांगून झालेली असते.

तिकडच्या २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ३७.२ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं. ख्रिस्ती लिहिणारे ४६.२ टक्के, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. पण 'धर्म नाही' लिहिणाऱ्याला काहीच नको असतं, असं समजू नकोस. २०१३ साली लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी 'संडे असेंब्ली' काढली. गाणी आहेत, भाषण आहे, नंतर चहा आहे, देव तेवढा वगळलाय. आता ध्यानाचं बघ. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये बौद्ध ध्यान घेतलं, त्यातला धर्म बाजूला ठेवला आणि मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना शिकवलं. आज तेच माइंडफुलनेस तुझ्या ऑफिसातही पोचलंय. त्याने एखाद्याला झोप लागत असेल तर आपण नाक मुरडायचं कारण नाही.

मंडळीत तुला दोन तऱ्हेची माणसं भेटतील. काहींना हा सगळा सैतानाचा बाजार वाटतो. ती इशाऱ्याची पत्रकं वाटून मोकळी होतात. दुसरी फार हुशार. ती येशूचं नाव टेबलाखाली ठेवतात आणि वर 'मनःशांती मोफत' असा बोर्ड लावतात. मला विचारशील तर दुसऱ्यांची मला जास्त भीती वाटते. पहिल्यांशी निदान भांडता येतं.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ पुन्हा वाच. अथेनैत (अथेन्समध्ये) मूर्ती बघून प्रेषित पौल आतून संतापला होता, तरी अरीयपगावर, तिथल्या सभेपुढे, उभा राहिल्यावर त्याने सुरुवात त्यांच्याच 'अज्ञात देवाला' या वेदीपासून केली, त्यांच्याच कवींची ओळ घेतली. आणि शेवटी येशूच्या पुनरुत्थानावर आलाच. तिथे लोक हसले. न हसण्यासारखं बोलून त्याला सहज सुटता आलं असतं. काहींनी 'पुन्हा ऐकू' म्हणून टाळलं. दिओनुस्य, दामारी आणि आणखी काहीजण मात्र विश्वासात आले. मिशनच्या अहवालात घालायला फारसं काही नाही, पण हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते लपवलेलं नाही.

आपल्या कवी ना. वा. टिळकांनी तरी वेगळं काय केलं? १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी सोडली नाही, आणि त्या अभंगात नाव ख्रिस्ताचंच. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. येशूला मानतो पण चर्चची पायरी चढवत नाही, अशांनाही त्यात जागा होती. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकाच सतरंजीवर! तेव्हाच्या मिशनऱ्यांना ते जड गेलं असणार. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार काही वाढला नाही. पण तुझ्या टेबलासमोर शनिवारी जी माणसं येतील ती बरीचशी त्या दरबारातलीच समज.

कोणी ध्यानाचाच विषय काढला तर त्याला ईलिंगच्या मठाचं सांग, तुझ्या खोलीपासून ट्यूबने जाता येतं. तिथे पूर्वी जॉन मेन नावाचे बेनेडिक्टाइन, म्हणजे एका जुन्या कॅथलिक संन्यासी पंथाचे, साधू होते. संन्यासी होण्याआधी मलायात (आजच्या मलेशियात) नोकरीला असताना ते एका हिंदू स्वामींकडून नामजपासारखं ध्यान शिकले. मठात आल्यावर त्यांना ते सोडायला लावलं. पुढे जुन्या ख्रिस्ती साधूंच्या लिखाणात त्यांना तशीच प्रार्थना सापडली आणि १९७५ मध्ये त्यांनी ईलिंगला ध्यानाचं केंद्र सुरू केलं. जपायला शब्द दिला 'मारानाथा', म्हणजे 'हे प्रभू, ये', बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आहे तो. हे तंत्र म्हणून विकू नकोस. आपल्या घरातही शांत बसायची रीत आहे, एवढं कळलं तरी खूप.

आणि प्रार्थना. विचारल्याशिवाय कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. तुझी आई वॉर्डात कामाला असताना पेशंटला आधी विचारायची, "मी प्रार्थना केली तर चालेल का?" नाही म्हटलं तर उशी सारखी करून पुढच्या खाटेकडे. हो म्हटलं तर दोन वाक्यांची प्रार्थना, येशूच्या नावात, मोठ्याने. पुन्हा त्या पेशंटला कधी 'मग रविवारी येताय ना?' असं विचारलं नाही. तुम्हीही टेबलावर फोन नंबर लिहून घ्यायची वही ठेवू नका. कोणाला हवं असेल तर तो तुमचा घेईल.

तुमच्याही टेबलावरचा तो 'मनःशांती मोफत' बोर्ड तेवढा तुमच्या पाळकसाहेबांशी बोलून बदलून घे. 'आम्ही ख्रिस्ती आहोत. प्रार्थना हवी असल्यास सांगा.' एवढं पुरे. ते नाही म्हणाले तर शुक्रवारपर्यंत मला कळव, मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत ईमेल करतो.

तुझे,
पप्पा