रंगांचा डबा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की बाबा, रंगांचा डबा अजून बॅगेतून काढलाच नाही, इथे सिव्हिलचा अभ्यासच इतका आहे आणि इंजिनिअरला चित्रं काढून करायचंय काय, मग तू लगेच मेसच्या जेवणावर गेलीस पण माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलंच नाही बघ. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही म्हणून टाईप करतोय, सावकाश वाच.

तू मिलानला आहेस म्हणून लिओनार्दो दा व्हिंचीचंच सांगतो. मोनालिसा नाही. एक छोटासा कागद आहे, साधारण १९ बाय २८ सेंटीमीटर, म्हणजे ए फोरपेक्षाही थोडा कमी, त्यावर शाईने काढलेला, तिकडच्या आर्नो नदीच्या खोऱ्याचा देखावा. डावीकडे वर उलट्या अक्षरात त्याने स्वतः तारीख टाकलीये, ५ ऑगस्ट १४७३. त्याच्या हातची तारीख असलेलं हे सगळ्यात जुनं काम, आणि तेव्हा तो होता फक्त २१ वर्षांचा, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. चित्रात एकही माणूस नाही, देव नाही, संत नाही, आणि त्या काळात तिकडे देखावा हा नुसता मागचा पडदा असायचा, पुढे कोणीतरी मोठं माणूस उभं पाहिजेच. याने पुढचं माणूसच काढून टाकलं आणि राहिला तो डोंगर, डावीकडे कड्यावर एक किल्ला, उजवीकडे खडकावरून खाली पडणारा धबधबा, आणि मधे लांबपर्यंत सपाट मैदान.

मी हे कॉम्प्युटरवर मोठं करून किती वेळा बघितलंय याची गणती नाही. ही जागा नेमकी कुठली यावर अजून जाणकारांचे वाद चालू आहेत, मॉन्तेलुपो म्हणतात, पापियानो म्हणतात, कोणी म्हणतं सगळं मनातलंच आहे. मला विचारशील तर माझं मत पाण्यावरून आहे. आपल्याकडे ५ ऑगस्टला धो धो पाऊस असतो पण तिकडे तोच कडक उन्हाळा, लहानसहान ओढे आटलेले असणार, आणि याच्या चित्रात तर धबधबा चांगला जोरात पडतोय. म्हणजे मला वाटतं की त्याने जागेवर उभं राहून जे बघितलं त्याच्यात आधी कधीतरी बघितलेलं पाणी आणून जोडलं. खडक कसा झिजला ते दाखवायचं तर पाणी पाहिजेच ना! २०१९ ला तिथल्या तज्ज्ञांनी कागद तपासला तेव्हा दोन वेगवेगळ्या शाया सापडल्या, म्हणजे एका बैठकीत झालेलं कामच नाही हे.

आणि पुढे हीच नदी त्याच्याकडे इंजिनिअर म्हणून परत आली. १५०३-०४ ला फ्लॉरेन्स आणि पिसाची लढाई चालू होती, तेव्हा आर्नोच वळवून पिसाचं पाणी तोडायची योजना झाली त्यात हा होता. काम फसलं. चर हवे तेवढे खोल झाले नाहीत, वादळी पाऊस आला, काठ ढासळले आणि सगळं सोडून दिलं. हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही की तो बांधावर कसा उभा असतो ते मी बघितलंय.

तुला कधी सांगितलं नसेल. नोकरीला नवीन होतो, नगर जिल्ह्यात कालव्याच्या एका चारीचा सर्व्हे चालू होता, दुपारी मापाची पट्टी धरणारा स्टाफवाला जेवायला गेला की मी लेव्हल बुकच्या, म्हणजे उंचीच्या नोंदींच्या वहीच्या, कोऱ्या बाजूला समोरचा ओढा काढत बसायचो. ओढा दिसायला एवढासा, उडी मारून पार होईल असा, पण काढताना लक्षात आलं की काठावरच्या बाभळी सगळ्या एकाच बाजूला कललेल्या आहेत आणि माझ्या डोक्याच्याही वर फांद्यांत वाळका पाचोळा अडकलेला आहे. रीडिंग घेताना हे दिसलं नव्हतं गं, आणि मी काही आंधळा नव्हतो, फक्त बघायला थांबलो नव्हतो. पूर तिथपर्यंत चढतो म्हटल्यावर ओढ्याचं पाणी जायची मोरी मोठी धरली. सरकारी वहीत चित्रं काढली म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं ते वेगळं, त्यानंतर मी बरीच वर्षं काढलंच नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुझं ते वाक्य लागलं.

लिओनार्दो तिशीत मिलानच्या राज्यकर्त्याकडे काम मागायला गेला तेव्हाच्या त्याच्या अर्जाचा मसुदा तुझ्याच गावात, आंब्रोझियाना लायब्ररीत आहे. दहा मुद्दे, पूल, तोफा, सुरुंग, शेवटच्या मुद्द्यात इमारती आणि पाणी एका जागेहून दुसरीकडे नेणं, आणि त्याच्याही मागे, चित्रकलाही येते. अर्जात त्याने चित्र शेवटी लिहिलं पण हात तर आधीच तयार झाला होता, त्या नऊ वर्षांपूर्वीच्या कागदावर.

तो नदीच्या देखाव्याचा कागद फ्लॉरेन्सला उफीझी संग्रहालयात आहे, पण उजेडाने खराब होतो म्हणून क्वचितच बाहेर काढतात, त्यामुळे बघायला मिळाला नाही तर हिरमुसू नकोस. फ्लॉरेन्सहून एम्पोलीपर्यंत ट्रेन आणि तिथून बस करून त्याच्या व्हिंची गावात जा, वर टेकडीवर चढ, खोरं तेच आहे.

आणि एक बघून सांग मला. धबधब्याचं पाणी खाली डोहात पडतं, पण तिथून ते मैदानाकडे नेमकं कुठून उतरतं हे मला चित्रात अजून नीट लागलेलं नाही. तिथे बसून त्या उताराचं एक स्केच काढ, पेन्सिलने काढलंस तरी चालेल, आणि व्हॉट्सॲपवर पाठव. आईने पार्सल केलंय, गोडा मसाला, मेतकूट आणि सहा नंबरचे दोन ब्रश, तुझ्या जुन्या ब्रशांचे केस गळायला लागले होते.

बाबा