रोबो झकास, पण टीव्ही टाकायचा कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर ई-कचरा मोहिमेसाठी चौकात उभारलेल्या, जुन्या की-बोर्ड-मोबाइलच्या रोबोचा चार कॉलमी फोटो छापलात. फोटो झकास आहे. पोरांनी मेहनत घेतलीय, डोळ्यांच्या जागी वेबकॅम बसवायची कल्पना तर मलाही आवडली. पण ‘डिझाइनने जिंकली ई-कचऱ्याची लढाई’ हा मथळा वाचून राहवेना, म्हणून हे पत्र.

रोबोशेजारची ई-कचरा टाकायची पेटी आपल्या बातमीदाराने पाहिली का? मी पाहिली. हिरवीगार, माशाच्या आकाराची. माशाच्या तोंडाची फट एवढी अरुंद, की मोबाइल कसाबसा आत जातो आणि लॅपटॉपचा अडॅप्टर दातांत अडकतो. तो तसाच लोंबकळत होता. वायर बाहेर, ठोकळा आत. त्यासोबतही लोक सेल्फी घेत होते.

टीव्ही दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. दुकान आवरलं तेव्हा पिक्चर ट्यूबचा एक जुना एकवीस इंची घरी आला, तो गॅलरीत पडून आहे. मोहिमेच्या पोस्टरवर ‘आम्ही घरी येऊन नेऊ’ असं वाचलं आणि बरं वाटलं. फोन नंबर मात्र फिकट पोपटी रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत! नातवाने मोबाइलवर फोटो मोठा करून तो वाचून दाखवला. फोनवरच्या ताई अगदी गोड बोलल्या. “काका, टीव्ही आमच्या मोहिमेत बसत नाही, फक्त छोटी गॅजेट्स.” मग म्हणाल्या, रविवारी चौकात आणून द्या, रोबोसोबत तुमचा छान फोटो काढू. ते धूड तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून, माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्याने उतरवायचं, ते फोटोसाठी.

भंगारवाल्याला एक हाक मारली असती तर तो वर येऊन, पाठीवर मारून, वर चार पैसे देऊन घेऊन गेला असता. देत नाही, कारण पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. ट्यूबची मान हातोडीने फोडायची, मानेवरची तांब्याची कॉइल काढायची आणि काच टाकायची नदीकाठी. त्या काचेत शिसं असतं, तेही ग्रॅमात नाही, किलोत. सर्किट बोर्ड जातात ॲसिडच्या टबात. यात भंगारवाल्याचा दोष नाही, त्याला कॉइलचे पैसे मिळतात, काचेचे कोण देणार? सध्या सौ. त्या टीव्हीवर तुळशीची कुंडी ठेवायचं म्हणतेय.

बातमीत टोकियो ऑलिंपिकच्या पदकांचा दाखला दिलाय, तोही अर्धाच. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत जपान्यांनी सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं आणि ६२ लाख मोबाइल जमवले, त्यातून पदकांसाठी ३२ किलो सोनं काढलं. खरं आहे. पण त्यासाठी १६०० हून जास्त पालिका कामाला लागल्या होत्या, मोबाइलच्या दुकानांत जुने फोन घेतले जात होते. पदकाचं डिझाइन छान होतं म्हणून फोन आपोआप चालत आले नाहीत.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या मालाची विल्हेवाट लावायची जबाबदारी मुळात माल बनवणाऱ्यांची. रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेतली की त्यांचं कागदोपत्री भागतं. म्हणूनच रोबोच्या छातीवर प्रायोजकाचं नाव हातभर मोठं, आणि चार्जरच्या पाठीवरची ती काट मारलेली कचरापेटी (म्हणजे ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकू नका), जी दिसली तर माणूस दोनदा विचार करेल, ती मोहरीएवढी. तिथल्या स्वयंसेवकाला तिचा अर्थ विचारला, तर म्हणाला, “इथे कचरा टाकू नये, असं असेल.”

डिझाइनवाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी फट मोठी करावी, नंबर काळ्या ठसठशीत अक्षरांत छापावा, फोन देण्याआधी त्यातले फोटो कसे पुसायचे ते चार चित्रांत दाखवावं (अर्धे लोक त्याच भीतीने जुने फोन कपाटात ठेवतात), आणि टेम्पो कोणत्या वारी कोणत्या गल्लीत येणार ते सोसायटीच्या फलकावर लावावं. पण त्याचा चार कॉलमी फोटो येत नाही, हीच अडचण असावी. आपल्या त्याच अंकात शेवटच्या पानावर ‘जुना टीव्ही द्या, नवा घ्या’ अशी पानभर जाहिरात होती. तिथेही विचारलं. पिक्चर ट्यूबचा चालत नाही म्हणे.

आणि हो, रोबोला जागा करायला बसथांब्यावरचा बाक उचललाय. तो कुठे नेला ते कोणी सांगत नाही. दुपारच्या उन्हात म्हाताऱ्या बायका रोबोच्या चौथऱ्यावर बसतात, तर रखवालदार त्यांना उठवतो. तेवढा बाक परत ठेवायला लावलात तर उपकार होतील.

आपला,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक, पुणे ३०