आपल्या इमारतीबद्दल

प्रिय सुध्या,

हे फोनवर धड बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. शुगर आटोक्यात आहे, हीसुद्धा बरी आहे.

रविवारी जेवताना पुतण्या म्हणाला, "काका, एस्प्लनेड मॅन्शन पाडून नवी बांधावी, दर्शनी भाग तेवढा तसाच ठेवावा. कुणाला काय कळतंय!" पोरगा बांधकामातलाच, मनाने चांगला. पण माझा घास अडकला. अरे, त्या इमारतीचा सांगाडा हाच तिचा दर्शनी भाग! ओतीव लोखंडाचे खांब, तुळया, सगळं बाहेरून दिसतं. भिंती नुसत्या मधे भरलेल्या. 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले सुटे भाग जहाजाने आणून काळा घोड्याला जोडले आणि वॉटसन्स हॉटेल म्हणून ती उभी राहिली. हायकोर्ट, राजाबाई टॉवर, सीएसएमटी हे फोर्टातले दगडी थोर सगळे त्यानंतरचे. लुमिएर बंधूंची हलती चित्रं 7 जुलै 1896 ला इथेच दाखवली गेली. लोखंड काढलं तर उरेल काय?

टाटांना याच दारातून परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही तुझी लाडकी कथा मला अजून मान्य नाही. पुरावा आण, चहा माझ्याकडून. या वादात साहेबांच्या नोटिशीवर तू सांडलेला कप धरून तुझ्याकडूनही एक येणं आहे.

इमारत म्हातारपणाने खचली नाही रे. खोल्यांमध्ये आणखी खोल्या काढल्या, पोटमाळे चढवले, गळतीकडे कुणी पाहिलं नाही, गंजावरच रंग फासला. आपण दोघांनी ते रोज पाहिलंय. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. 2006 च्या धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत तिचं नाव आलं, आणि 2019 मध्ये ती रिकामी केली. ते योग्यच झालं, खालून माणसं चालतात. पण रिकाम्या घरात गंज थांबत नाही. डागडुजी लांबत गेली की एक दिवस 'आता इलाज नाही' म्हणणं फार सोपं होतं. मला झोप लागत नाही ती या भीतीने. पुतण्याला हे सांगून कळेना. त्याने तिथे दिवस काढले नाहीत, राजाबाईच्या टोलांवर डबे उघडले नाहीत.

आपल्या इमारतीचा इंजिनिअर ऑर्डिश. तुझ्या लंडनमधला 1873 चा आल्बर्ट ब्रिज त्याचाच. तिथल्या सेंट पॅन्क्रस रेल्वे स्टेशनच्या छपरातही त्याचा हात आहे. आल्बर्ट ब्रिजवर पलटणींनी कदमताल मोडून चालावं अशी पाटी आहे. तुझी एनसीसीतली चाल आठवता पुलाला तुझ्यापासून धोका नाही! सेंट पॅन्क्रस 2007 मध्ये नीट करून पुन्हा उघडलं. त्याच माणसाचं लोखंड तिथे जपलं जातं, मग इथे का नाही?

एकदा जाऊन नीट बघ. गंज कसा काढला, कुठले भाग बदलले, कुणाला विचारता आलं तर विचार. सांध्यांचे जवळून फोटो पाठव, छापून पुतण्यासमोर ठेवतो.

नव्या घराचं जमलं का? मोठीचा निकाल काय? वहिनींची पाठ? तेही कळव, पण फोटो आधी.

तुझा,
नाना